आरोग्य पुरवण्यांच्या संपादकांना खुलं पत्र : चिनी काढ्याची अर्धीच बातमी छापू नका

प्रति,
मराठी दैनिकांच्या आरोग्य पुरवण्यांचे संपादक

सप्रेम नमस्कार वि. वि.

चिपळूण तालुक्यातल्या एका बाजारगावात गेली २२ वर्षं माझं औषधांचं दुकान आहे. मी फार्मसी शिकलेली आहे, डॉक्टर नाही. तेव्हा या पत्रात कुणी उपचाराचा सल्ला शोधू नये. माझी तक्रार तुमच्या पानांबद्दल आहे, आणि काउंटरच्या या बाजूने ती जशी दिसते तशी मांडते.

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त मास्तर दुकानात आले. त्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून व्रण. मेसालामाइनच्या गोळ्या दर महिन्याला माझ्याकडूनच नेतात. दोन महिने फिरकले नव्हते. मला वाटलं, मुलाकडे पुण्याला गेले असतील. त्यांनी खिशातून चौकोनी घडी घातलेलं कात्रण काढलं आणि काउंटरवर उलगडून ठेवलं. मथळ्याचा आशय असा : किराइताने आतड्याचे व्रण बरे होतात, चिनी संशोधकांनी सिद्ध केलं. मास्तरांनी परसातलं ओलं किराईत उपटून रोज सकाळी काढा घ्यायला सुरुवात केली होती आणि गोळ्या बंद केल्या होत्या. "पहिले पंधरा दिवस अगदी बरं वाटलं हो," म्हणाले. आता शौचातून पुन्हा रक्त जात होतं, आणि त्यांचा प्रश्न होता, काढ्याचं प्रमाण वाढवू का?

त्यांना मी त्याच दिवशी डॉक्टरांकडे धाडलं. कात्रण मात्र मागून घेतलं. ते अजून काउंटरच्या काचेखाली आहे.

कात्रणात लिहिलं होतं ते खोटं नव्हतं, आणि मला खरा राग त्याचाच आहे. खोटं असतं तर "असल्या बातम्यांवर विश्वास ठेवू नका" एवढं सांगून मोकळी झाले असते. किराईत, म्हणजे अँड्रोग्राफिस पॅनिक्युलाटा, चिनी औषधपरंपरेत खरोखर आहे. तिकडे त्याला छुआन-शिन-ल्येन म्हणतात, काळजाच्या आरपार जाणारं कमळ. लहानपणी जंतांसाठी ज्यांना नाक दाबून तो काढा पाजला गेला, ते या नावाला हरकत घेणार नाहीत. हचिसन मेडिफार्मा या चिनी कंपनीने या झाडाचा अर्क काढून त्याला एचएमपीएल-००४ असं नाव दिलं. त्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. सौम्य ते मध्यम कोलायटिसचे २२४ रुग्ण, ८ आठवडे. रोज १८०० मिलिग्रॅम अर्क घेणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांना फरक पडला. प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, घेणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांना फरक पडला. १२०० मिलिग्रॅमवाल्यांचा आकडा ४५ होता, म्हणजे प्लासिबोच्या जवळपासच. आजार पूर्ण शांत झाला अशा रुग्णांचं प्रमाण अर्काच्या बाजूने थोडं जास्त होतं, पण तो फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकेल इतपतच होता.

एवढं आशादायक होतं, म्हणून कंपनीने पुढची, मोठी चाचणी सुरू केली. २०१४ मध्ये मध्यावरच आकडे तपासले तेव्हा दिसलं की ती ठरवलेलं उद्दिष्ट गाठण्याची शक्यता नाही. चाचणी थांबवली गेली. कंपनीने हे स्वतःच जाहीर केलं, लपवलं नाही.

मास्तरांच्या कात्रणात २०१३ होतं. २०१४ नव्हतं. बातमी छापली गेली तोपर्यंत दोन्ही गोष्टी जुन्या झाल्या होत्या, तरी पहिली तेवढी "ताजं संशोधन" म्हणून आली.

प्लासिबोचा तो ४० टक्क्यांचा आकडाही कात्रणात नव्हता. मास्तरांच्या पहिल्या पंधरा दिवसांचं कोडं त्याच आकड्यात आहे. हा आजार आपोआप चढतो आणि उतरतो. चढलेला असताना माणूस नवं काहीतरी घेतो, आजार त्याच्या गतीने उतरतो, आणि श्रेय काढ्याला जातं. १०० पैकी ४० जणांना रिकाम्या गोळीनेही बरं वाटत असेल, तर "मला गुण आला" या वाक्याचं वजन किती धरायचं? मास्तर गणिताचे होते. त्यांना हे लगेच कळलं. कात्रणात असतं तर दोन महिने आधी कळलं असतं.

चिनी औषधांची टर उडवायला मी हे लिहीत नाही. आपल्या मसाल्याच्या डब्यातली दालचिनी, काष्ठौषधीवाल्याकडची रेवाचिनी आणि चोपचिनी, यांच्या नावांतच चीन आहे. वस्तू तिकडून आल्या आणि इथे रुजल्या. पोटाच्या आजारांवर चिनी वैद्यकाने फार बारकाईने विचार केलेला आहे, आणि गेल्या ३० वर्षांत त्यातल्या काही पाठांची, म्हणजे ठरावीक औषधी मिश्रणांची, कसून परीक्षा झाली आहे. अशा परीक्षेला बरेचदा दोन अंक असतात. पहिला अंक गोड असला की तुम्ही तो छापता, आणि दुसऱ्या अंकाच्या वेळी नाट्यगृहात कुणी नसतं.

आयबीएसचं, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोमचं, उदाहरण घ्या. पोटात मुरडा, कधी जुलाब, कधी मलावरोध, आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल. "टेन्शन घेऊ नका" हे ऐकून कंटाळलेली ही मंडळी सगळ्यात जास्त कात्रणं आणतात. चिनी वैद्य या एका आजाराला एक आजार मानतच नाहीत. रुग्णाची जीभ, नाडी, झोप, चिडचिड पाहून ते दुखण्याची घडण ठरवतात : यकृत अडलं आहे, प्लीहा दुबळी झाली आहे, अशा भाषेत. हे यकृत म्हणजे सोनोग्राफीतलं यकृत नव्हे. आपले वैद्य वात-पित्त म्हणतात तशी ती विचाराची चौकट आहे. मग प्रश्न येतो की प्रत्येकाला वेगळा काढा द्यायचा असेल तर चाचणी करायची कशी?

ऑस्ट्रेलियात सिडनीला ॲलन बेन्सूसान आणि सहकाऱ्यांनी हे करून दाखवलं. १९९८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ११६ रुग्णांचे तीन गट. एका गटाला २० वनस्पतींचा ठरावीक पाठ, दुसऱ्याला ज्याच्या त्याच्या घडणीप्रमाणे वेगळा पाठ, तिसऱ्याला प्लासिबो. सगळं कॅप्सूलमध्ये, म्हणजे चवीवरून कुणाला ओळखता येणार नाही. १६ आठवड्यांनी दोन्ही औषधी गट प्लासिबोच्या पुढे होते, आणि वेगळा पाठ ठरावीक पाठापेक्षा सरस ठरला नव्हता. पण औषध थांबवल्यावर १४ आठवड्यांनी पुन्हा पाहिलं, तर सुधारणा टिकली होती ती फक्त वेगळा पाठ घेतलेल्यांची. इतका सुंदर, चक्रावणारा निकाल मी क्वचित वाचला आहे. वैद्याने वेळ देऊन नीट विचारपूस केली म्हणून टिकली म्हणावं, तर तशी विचारपूस तिन्ही गटांची झाली होती.

आता दुसरा अंक. २००६ मध्ये हाँगकाँगहून एक चाचणी प्रसिद्ध झाली. जुलाबाचा आयबीएस असलेले ११९ रुग्ण, ८ आठवडे, ठरावीक चिनी पाठ विरुद्ध प्लासिबो. आठव्या आठवड्यात औषधवाल्यांपैकी ३५ टक्क्यांना बरं वाटत होतं, प्लासिबोवाल्यांपैकी ४४ टक्क्यांना. म्हणजे औषधाचा काहीच फायदा दिसला नाही. वैद्य म्हणतील, सगळ्यांना एकच पाठ दिलात तर दुसरं काय होणार? पण सिडनीत एकच पाठ घेणाऱ्यांनाही औषध चालू असेपर्यंत फायदा झालाच होता. पाठ वेगळे, रुग्ण वेगळे, मुदत वेगळी. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय वाचकाला काही कळत नाही. आणि हे दोन अपवादाने चांगले अभ्यास आहेत. त्याच २००६ साली आयबीएसवरच्या वनौषधींचा कॉक्रेनचा आढावा आला. कॉक्रेन म्हणजे जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था. त्यात ७५ चाचण्या गोळा केल्या होत्या, त्यातल्या बहुतेक चीनमधल्या. दर्जेदार ठरल्या फक्त ३.

७५ पैकी ३ का, हे सांगायला हवं. काढ्याचा प्लासिबो बनवणं हे मुळात अवघड काम आहे. कडू, उग्र, मातकट वासाचं, रंगाने काळं असं काहीतरी बनवायचं, आणि ते काहीच करता कामा नये! पण हे कारण फार पुरत नाही. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत वेगवेगळ्या देशांतल्या चाचण्यांचे निकाल ताडून पाहिले, तेव्हा चीनमधल्या ९९ टक्के चाचण्या यशस्वी निघाल्या, इंग्लंडमधल्या ७५ टक्के. ज्या शाळेचा निकाल दरवर्षी ९९ टक्के लागतो तिथे काय चालतं, हे आपल्याला सांगायला नको. पुढे २००९ मध्ये चिनी संशोधकांनीच आपल्या घरात झाडू मारला. चिनी नियतकालिकांत "यादृच्छिक" म्हणून छापलेल्या २,२३५ चाचण्यांच्या लेखकांना त्यांनी फोन केले आणि विचारलं, कोणता रुग्ण कोणत्या गटात हे तुम्ही नेमकं ठरवलंत कसं? खऱ्या अर्थाने चिठ्ठ्या टाकून गट पाडले होते असे अभ्यास २०७ निघाले. असा फोन आपल्याकडे कुणी केला तर काय निघेल, ही माझ्या मनातली धास्ती आहे.

त्या झाडलोटीचा पुढे उपयोग झाला. हाँगकाँग बाप्टिस्ट विद्यापीठातल्या बियान चाओश्यांग यांच्या गटाने मलावरोधावरचा मा-झी-रेन-वान हा पाठ घेतला. सुमारे १८०० वर्षांपूर्वी हान काळात होऊन गेलेल्या चांग चुंगचिंग या वैद्याचा हा पाठ. त्यात सहा द्रव्यं : भांगेचं बी, रेवाचिनी, जर्दाळूच्या बियांचा गर, पिओनीचं मूळ, मॅग्नोलियाची साल आणि कोवळी कडू संत्री. भांगेच्या बियांनी नशा चढत नाही, हे आधीच सांगते, नाहीतर उद्या त्याचंही कात्रण येईल. २०११ मध्ये १२० रुग्णांवर पहिली चाचणी आली, निकाल चांगला. तिथेच न थांबता त्यांनी २९१ रुग्ण घेतले आणि या पाठाची गाठ प्लासिबोशी तर घातलीच, शिवाय सोनामुखीशीही घातली. सोनामुखी म्हणजे तामिळनाडूतल्या तिरुनेलवेलीच्या नावाने जगभर विकली जाणारी आपली रेचक पानं. म्हणजे "काहीच न देण्यापेक्षा बरं" यावर ते समाधानी नव्हते. "बाजारात आधीच आहे त्यापेक्षा बरं का" हा प्रश्न त्यांनी विचारला. माझ्यासारखीला हाच प्रश्न हवा असतो, कारण गिऱ्हाईक माझ्याकडे तोच घेऊन येतं.

२०१९ चा निकाल असा. औषध चालू असताना फरक पडलेल्यांचं प्रमाण : मा-झी-रेन-वान ६८ टक्के, सोनामुखी जवळपास ५८ टक्के, प्लासिबो ३३ टक्के. पहिल्या दोघांतला फरक निर्णायक नव्हता, आणि त्यात नवल नाही. सोनामुखीतला जो घटक कोठा मोकळा करतो त्याच कुळातले घटक रेवाचिनीत आहेत. खरी गंमत औषध बंद केल्यानंतर : पुढच्या ८ आठवड्यांत चिनी पाठाचा परिणाम ४७ टक्क्यांत टिकला, सोनामुखीचा जेमतेम २१ टक्क्यांत, म्हणजे प्लासिबोच्या १७-१८ टक्क्यांच्या आसपास. दोन चाचण्या, दुसरी पहिलीपेक्षा कठीण, आणि दोन्हींत पाठ उभा राहिला. ही बातमी मी एकाही मराठी पुरवणीत वाचलेली नाही. बद्धकोष्ठता हा विषय बहुधा फोटो काढण्यासारखा नसावा.

फोटोवरून आठवलं. बर्बेरिनची बातमी काही ठिकाणी आली होती, पण शेजारी हळकुंडाचा फोटो लावून. बर्बेरिन हे पिवळं द्रव्य चीनमध्ये ह्वांग-ल्येन या मुळीतून मिळतं आणि तिथे जुलाबाची स्वस्त गोळी म्हणून घरोघरी असतं. आपल्याकडे ते दारुहळदीत असतं. दारुहळद म्हणजे हळद नव्हे, तिची लांबची बहीणही नव्हे. ते काटेरी झुडूप आहे, लाकूड पिवळं म्हणून नाव पडलं. शांघायच्या फांग चिंगयुआन यांच्या नेतृत्वाखाली चीनमधल्या सहा प्रांतांतल्या सात रुग्णालयांनी मोठ्या आतड्यातले पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर वाढलेल्या गाठी, काढलेल्या १,१०८ जणांना निवडलं. काहींना दिवसातून दोनदा ०.३ ग्रॅम बर्बेरिन, काहींना प्लासिबो. नंतर दुर्बिणीने पाहिलं, तर बर्बेरिनवाल्यांपैकी ३६ टक्क्यांना पॉलिप पुन्हा आले होते, दुसऱ्यांपैकी ४७ टक्क्यांना. हे २०२० मध्ये लॅन्सेटच्या पोटविकारांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. काम उत्तम आहे. पण ते पॉलिप पुन्हा येण्याबद्दल आहे, कॅन्सर बरा होण्याबद्दल नाही. आणि दुधात हळद घालून प्यायल्याने यातलं काहीही होणार नाही. वर, मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर बर्बेरिनने साखर आणखी खाली येऊ शकते. हे वाक्य बातमीत हवं होतं, कारण असल्या कॅप्सूल आता घरबसल्या मागवता येतात.

घरबसल्या मागवण्याचा किस्सा नीळेचा आहे, आणि तो मला सगळ्यात अस्वस्थ करतो. कपड्यांची नीळ नव्हे. झाडापाल्यातून काढलेली खरी नीळ, चिनी वैद्यकातली छिंग-दाय. जपानमध्ये केइओ विद्यापीठाच्या पुढाकाराने तिची कोलायटिसवर चाचणी झाली. ८६ रुग्ण, ८ आठवडे. रोज २ ग्रॅम घेणाऱ्यांपैकी ८१ टक्क्यांना फरक पडला, प्लासिबोवाल्यांपैकी जेमतेम १४ टक्क्यांना. वर किराइताचे ६० आणि ४० सांगितले, ते आठवा म्हणजे हा आकडा किती मोठा आहे ते कळेल. पण ही चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. चाचणीबाहेरच्या एका रुग्णाने ही भुकटी स्वतःच विकत घेऊन सहा महिने खाल्ली होती, आणि त्याच्या फुप्फुसाच्या धमन्यांतला दाब धोकादायक वाढला होता. डिसेंबर २०१६ मध्ये जपानच्या आरोग्य मंत्रालयाने इशारा काढला. औषध लागू पडतं, हे खरं. आणि तेच औषध छातीवर उठू शकतं, हेही खरं. अशी गोष्ट तुमच्या "घरगुती उपाय" या रकान्यात मावतच नाही. नीळ जर उद्या "आतड्यावर रामबाण" म्हणून तिथे आली, तर माझ्या काउंटरवर पुढचं कात्रण तेच असेल.

नावाचा घोळ हा आणखी एक धोका. ब्रुसेल्समध्ये नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वजन उतरवण्याच्या कॅप्सूलमध्ये फांग-जी नावाची एक चिनी मुळी घालायची होती. तिच्या जागी मिळत्याजुळत्या नावाची दुसरी, ॲरिस्टोलोकिया कुळातली मुळी गेली, आणि शंभराहून अधिक जणांच्या मूत्रपिंडांचं नुकसान झालं. हा पोटविकारांचा विषय नव्हे, पण झाडाचं शास्त्रीय नाव न छापता नुसतं "चिनी मुळी" किंवा "किराईत" छापणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा. किराईतही आपल्याकडे एक नाही. ओलं वेगळं, काडेकिराईत वेगळं.

तुमच्याकडे पाने कमी, माणसं त्याहून कमी, आणि बातम्या बहुतेक इंग्रजी वृत्तसंस्थांकडून आयत्या येतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून भारी काही मागत नाही. चिनी औषधाची बातमी आली की औषध कशाच्या तुलनेत पाहिलं ते छापा. प्लासिबोने कितींना बरं वाटलं तो आकडा औषधाच्या आकड्याशेजारी छापा, आणि झाडाचं शास्त्रीय नाव. मग त्याच औषधाची पुढची चाचणी झाली आहे का, हे दहा मिनिटं शोधा. चालू औषध बंद करू नये, ही ओळ शेवटी बारीक टाइपात टाकता ती वर आणा. मास्तर शेवटपर्यंत वाचत नाहीत, चष्मा विसरलेला असतो.

आणि वर्षातून एकदा, दिवाळी अंकाच्या गडबडीत नको, एरवी कधीतरी, मागच्या वर्षी आपण छापलेल्या चाचण्यांचं पुढे काय झालं याचा अर्धा रकाना द्या. मजकूर लागला तर मी पाठवीन. मानधन नको, अंक पाठवा.

मास्तर आता बरे आहेत, गोळ्या नियमित नेतात. किराईत त्यांनी परसात पुन्हा लावलं आहे. तापाला चालेल म्हणतात. मी काही बोलले नाही.

हे पत्र लांबलं आहे आणि तुम्ही त्याला कात्री लावणार. लावायची तर नीळ, हळद, ब्रुसेल्स, काहीही काढा. किराइताचा २०१४ चा परिच्छेद तेवढा ठेवा.

आपली,
एक औषधविक्रेती, चिपळूण तालुका